एसकेएफमधला 'के', छर्रा आणि धारवा

आकुर्डीहून चिंचवडकडे येताना एसकेएफची पाटी तुम्ही शेकडो वेळा पाहिली असेल. त्यातला 'के' कशाचा, हे कधी विचारलंत? कारखान्यातली मराठी हा पीएचडीचा विषय घेईपर्यंत मीही विचारलं नव्हतं. पूर्ण नाव 'स्वेन्स्का कूललागरफाब्रिकेन', म्हणजे स्वीडिश बॉलबेअरिंग कारखाना. स्थापना १९०७, गोथेनबर्ग. तर 'के' हा कूललागरचा.

हा शब्द फोडून बघा. 'कूला' म्हणजे छोटा गोळा; पण बंदुकीची गोळीही कूलाच आणि पोरं खेळतात ती गोटीही कूलाच. 'लागर' जर्मनमधून आलेला. मुळात पडून राहायची, टेकायची जागा. त्यावरून कोठार, साठा. (साठवून मुरवलेली लागर बिअर याच घराण्यातली!) इंग्रजी 'बेअरिंग' भार वाहतं, स्वीडिश लागरवर दांडा नुसता टेकलेला असतो. यंत्र तेच, पण चित्र वेगळं.

आता आपल्याकडे या. मराठी विश्वकोशात बेअरिंगला 'धारवा' म्हटलंय. शब्द वाईट नाही. धारव्याचा, धारवे असा तो सहज चालतो. पण माझी तक्रार दोन गोष्टींवर आहे. एक, कोशकारांनी वस्तूकडे न बघता इंग्रजी शब्दाकडे बघितलेलं दिसतं. धारण करणं हे इंग्रजीचंच चित्र. दुसरी जास्त महत्त्वाची. गारवा, गोडवा, ओलावा हे शब्द कानात असलेल्या माणसाला 'धारवा' हा एखादा गुण वाटतो, हातात धरायची पोलादी वस्तू नाही. आयटीआयच्या पोराला हा शब्द परीक्षेपुरता भेटतो आणि मशिनपाशी गेल्यावर 'बेरिंग' होतो, तो उगाच नाही.

आणि सायकलवाला काय म्हणतो? "छर्रे बदलावे लागतील." छर्रा म्हणजे बंदुकीतला बारीक गोळा. स्वीडिश माणसाने कूला उचलला, आपल्या मिस्त्रीने छर्रा. दोघांनीही बंदुकीतलीच वस्तू चाकात बसवली, तीही एकमेकांना न विचारता. माझ्या मते मराठीतली खरी परिभाषा ही. ती कोणा समितीने घडवली नाही, म्हणून तिला कोशात जागा मिळू नये, हे मला पटत नाही.

धारवा ठेवा हवा तर. पण पाठ्यपुस्तकात बॉलबेअरिंगला 'छर्ऱ्यांचा धारवा' म्हणायला काय हरकत आहे? पोराला निदान अर्धा शब्द तरी घरचा भेटेल.