अर्नेस्ट मॅककलक : एका निबंधाचें पुनर्वाचन

शास्त्रीय निबंधाचें वाङ्मयीन दृष्टीनें परीक्षण करण्याचा प्रघात आपल्याकडे नाहीं, व तो असावा असा प्रस्तुत लेखकाचा आग्रहही नाहीं. तथापि टोरांटो येथील डॉ. अर्नेस्ट मॅककलक (१९२६–२०११) व त्यांचे सहकारी, जीवभौतिकीचे अभ्यासक जेम्स टिल, यांनीं १९६१ सालीं 'रेडिएशन रिसर्च'मध्यें प्रसिद्ध केलेला निबंध मीं अलीकडे पुन्हां वाचला, तो लेखनाचा एक नमुना म्हणूनच. मूलपेशींच्या शास्त्राचा पाया त्यानें घातला हें आज सर्वमान्य आहे. पण शीर्षक पाहावें तर काय? 'उंदराच्या सामान्य अस्थिमज्जेंतील पेशींच्या किरण-संवेदनशीलतेचें प्रत्यक्ष मापन'! मूलपेशीचा त्यांत उच्चारही नाहीं. वाड्याचा पाया घालावा आणि पाटीवर मात्र 'विटांची मोजदाद' एवढेंच लिहावें, तसला हा प्रकार.

प्रयोगाची हकीकत थोडक्यांत अशी. प्राणघातक ठरेल इतक्या किरणांचा मारा करून उंदरांची मज्जा निकामी करावयाची, नंतर निरोगी उंदराच्या मज्जेंतील पेशी मोजून त्यांच्या शिरेंत सोडावयाच्या. एका रविवारीं मॅककलक प्रयोगशाळेंत गेले असतां, दहा दिवसांमागें मज्जा दिलेल्या उंदरांच्या पांथरींवर त्यांना बारीक गांठी दिसल्या. त्यांनीं त्या मोजल्या. पेशी जितक्या अधिक, तितक्या गांठी अधिक; सुमारें १०,००० पेशींस एक गांठ; आलेख सरळ रेषेंत. एकेक गांठ ही एकेका पेशीचीच संतति असावी, असें ती रेषा सुचवीत होती.

'असावी' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. तर्क मोहक होता, पण पुरावा अपुरा होता. तो अँडी बेकर ह्या विद्यार्थ्यासह त्यांनीं १९६३ सालीं 'नेचर'मध्यें दिला. किरणांमुळें गुणसूत्रांवर वेडेवांकडे व्रण उमटतात; एका गांठींतील पेशींवर एकच व्रण आढळला, म्हणजे त्यांचा मूळ पुरुष एक. हेकेलनें १८६८ सालीं योजिलेल्या जर्मन शब्दांत वंशवृक्षाच्या खोडाची कल्पना आहे; मराठींत त्या ठिकाणीं मूळ आलें. मला आपलाच शब्द अधिक समर्पक वाटतो. मूळ जमिनीखालीं असतें. मॅककलक यांनींही ती पेशी डोळ्यांनीं पाहिली नव्हती, तिची संतति तेवढी मोजली होती.

दोष सांगावयाचाच तर तो शीर्षकाचा. किरणशास्त्राबाहेरील वाचकानें तें पाहून पान उलटलें तर त्यास बोल कसा लावावा? लास्कर पारितोषिक मिळावयास २००५ साल उजाडावें लागलें. नोबेल तर नाहींच. ह्या उपेक्षेचा थोडा वांटा मी त्या शीर्षकाच्या पदरीं घालीन.

असें मीं ठरवीत होतों, तोंच माझा एक जुना विद्यार्थी एक रंगीत पत्रक घेऊन आला. वडिलांना मज्जातंतूंचा असाध्य विकार. पत्रकांत मूलपेशींनीं तो बरा करण्याची हमी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें, रक्तविकारांसारख्या मान्य रोगांतील मज्जारोपण वगळतां, असा उपचार केवळ रीतसर चांचणींतच करतां येतो. पत्रकाचें शीर्षक मोठें भव्य होतें. आंत रोगी किती, बरे किती, असा एकही आंकडा नव्हता. मॅककलक यांच्या निबंधांत पानोपानीं आंकडे, आणि हमी कोठेंच नाहीं. त्या शीर्षकावरचा माझा राग तेव्हां बराच निवळला.

पत्रकाची मागील बाजू कोरी होती. तिच्यावरच मीं ती सरळ रेषा काढून त्याला समजावून सांगितली. तो शांतपणें ऐकत होता. मग त्यानें पत्रक घडी करून खिशांत घातलें. पैसे भरले कीं नाहींत, हें त्याला विचारण्याचा धीर मला अद्याप झालेला नाहीं.