अर्थ न बदलता वाक्य बदला

कादंबऱ्यांची समीक्षा होते, कवितासंग्रहांची होते. ज्या पुस्तकावर पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी इंग्रजी वाक्यं घासून घेतली, त्याच्याकडे मात्र कुणी समीक्षक वळत नाही. रेन आणि मार्टिन यांचं 'हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन' हे असं पुस्तक आहे. मूळ पुस्तक १९३०च्या दशकातलं. पुढे एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी त्यात सुधारणा केल्या आणि आजही ते नागपुरात कुठल्याही शालेय पुस्तकांच्या दुकानात मिळतं.

यातल्या पी. सी. रेनची गोष्ट मजेशीर आहे. हा माणूस 'बो जेस्ट' (१९२४) या फ्रेंच फॉरेन लीजनवरच्या गाजलेल्या साहसकादंबरीचा लेखक. त्याआधी, १९०३ मध्ये, तो इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये आला आणि कराचीतल्या हायस्कूलचा मुख्याध्यापक झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, १९३६ मध्ये वेगळा झाला. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं नागपुरात जरीपटक्यात वसली. म्हणजे रेनने ज्या प्रांतात शाळा चालवली, तिथूनच आलेल्यांची नातवंडं-पतवंडं आज जरीपटक्यात त्याचं पुस्तक घेऊन ट्यूशनला बसतात. घरी सिंधी, रस्त्यावर हिंदी, शेजारी इंदोऱ्यात मराठी आणि वहीत इंग्रजी. या पुस्तकाची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा कुठली?

आधी पुस्तकाच्या बाजूचं. त्याची रचना स्वच्छ आहे. नियम, उदाहरण, सराव, मग पुढचा नियम. उत्तरांची 'की' वेगळी मिळते. ज्याच्या घरात कुणाला इंग्रजी येत नाही आणि ज्याला महागडा क्लास परवडत नाही, अशा मुलाला हे पुस्तक एकट्याने पार करता येतं. इंग्रजीत शिक्षक दुर्मीळ असताना स्वतःच शिक्षक होणारं पुस्तक ही लहान गोष्ट नाही.

अडचण सरावात आहे. पुस्तकात वाक्यरूपांतराचं एक प्रकरण आहे आणि आपल्या दहावीच्या परीक्षेतला 'डू ॲज डायरेक्टेड' हा प्रश्न त्याच जातीचा. 'टू' काढा. 'नो सूनर... दॅन' वापरा. डिग्री बदला. व्हॉइस बदला. अट एकच: अर्थ बदलता कामा नये. 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक' याचं 'द टी इज सो हॉट दॅट वी कॅनॉट ड्रिंक इट' झालं की एक मार्क. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला रिफॅक्टरिंग म्हणतो: प्रोग्रॅमचं वागणं तेच ठेवायचं, आतली मांडणी बदलायची. उपयोगी काम आहे. पण रिफॅक्टरिंग करायला आधी कुणीतरी प्रोग्रॅम लिहिलेला लागतो. हायस्कूलची पाच-सहा वर्षं मुलगा दुसऱ्याची वाक्यं उलटीपालटी करतो. स्वतःचं वाक्य त्याच्याकडे कुणी मागतच नाही.

आणि अर्थ खरंच तोच राहतो का? पॅसिव्ह व्हॉइस घ्या. वर्गात तो 'कर्मणी प्रयोग' म्हणून ओळख करून दिला जातो. आता 'रामाने पत्र लिहिलं' हे मराठी वाक्य पाहा. क्रियापद पत्राप्रमाणे चालतं, म्हणून व्याकरणाने प्रयोग कर्मणी. पण इंग्रजीत ते साधं 'राम रोट अ लेटर' होतं, ॲक्टिव्ह. मुलगा इथेच गोंधळतो आणि मग अर्थ सोडून 'बाय राम' लावायचं तंत्र पाठ करतो. इंग्रजी पॅसिव्हचा खरा मराठी भाऊ रोज त्याच्या डोळ्यांसमोर असतो, नोटीस बोर्डावर: 'उद्या पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल.' कोण ठेवणार? सांगितलेलं नाही आणि सांगायचंही नाही. पॅसिव्हचं मोठं काम हेच: करणाऱ्याला वाक्याबाहेर ठेवणं. रेन-मार्टिनमध्ये हे थोडक्यात सांगितलेलं आहे, पण सरावाचा ढीग वाक्य उलटवण्याचा आहे. ऑफिसात सर्व्हर बंद पडल्यावर जो ईमेल येतो, त्यात पॅसिव्ह का वापरलाय हे ओळखणं म्हणजे व्याकरण येणं. 'बाय' लावता येणं म्हणजे फक्त मार्क मिळणं.

दुसरं उदाहरण जरीपटक्याच्या रस्त्यावरच मिळतं. प्रमाण मराठीत 'तो लिहितो आहे'. नागपुरात आपण म्हणतो, 'तो लिहून राहिला.' हिंदीत 'लिख रहा है', सिंधीत 'लिखी रहियो आहे'. तिन्ही भाषांत चालू क्रियेसाठी 'राहणे' हाताशी आहे. म्हणजे प्रेझेंट कंटिन्युअस इथल्या मुलाला जन्मतःच येतो. शिवाय 'मले माहीत असून राहिलं' असं इंदोऱ्यात कुणी म्हणत नाही. काही क्रियापदांना हे रूप चालत नाही, ही जाणही त्याच्यापाशी आहे. पण पुस्तक त्याला अशा क्रियापदांची यादी देतं आणि तो 'आय ॲम नोइंग' चुकीचं हे यादीतून पाठ करतो. ज्या बोलीला शाळेत 'अशुद्ध' म्हणून हाकललं, तीच इथे सर्वांत चांगली शिक्षिका होऊ शकली असती.

उलट जिथे खरी दरी आहे, तिथे मदत अपुरी पडते. मराठीत 'द' आणि 'अ' नाहीत. मराठीत 'हॅव'सारखं क्रियापद नाही. 'मला भाऊ आहे' आणि 'माझ्याकडे पैसे आहेत' ही दोन वेगळी वाक्यं इंग्रजीत एकाच शब्दावर येतात. रेन-मार्टिनला हे दिसू शकत नाही, कारण ते साऱ्या भारतासाठी लिहिलेलं आहे आणि त्याचा वाचक कुठल्या भाषेतून येतो हे त्याला ठाऊक नाही. इथे जुनी तर्खडकर भाषांतर पाठमाला आठवते. तिच्यातली वाक्यं आज हसू आणतात, पण तिचं मूळ तत्त्व बरोबर होतं: सुरुवात तुझ्या भाषेतून कर. दोन भाषा शेजारी ठेवल्या की कुठे अडखळायला होतं ते आपोआप दिसतं.

शब्दसंग्रहाचंही तसंच. शब्दार्थांच्या वह्या एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द ठेवतात. पण शब्द एकटे राहत नाहीत. आपण आंघोळ करतो, शपथ घेतो, भाषण देतो. कुणी 'शपथ करतो' म्हणत नाही. इंग्रजीत 'मिस्टेक'बरोबर 'मेक' येतं, 'होमवर्क'बरोबर 'डू'. ही जोडी वहीत येत नाही. नॉर्मन लुईसच्या 'वर्ड पॉवर मेड इझी' (१९४९) या पुस्तकाने निदान धातूंपासून शब्द फोडायला शिकवलं. आहार, विहार, प्रहार, संहार हे ज्याला कळतं, त्याला ग्रीक-लॅटिन मुळं परकी वाटायचं कारण नाही.

आता पुस्तकाच्या नावाकडे परत पाहा. 'ग्रामर अँड कॉम्पोझिशन'. दुसऱ्या भागात परिच्छेद, पत्र, संवाद, गोष्ट, निबंध, सारांश हे सगळं आहे. म्हणजे रेन आणि मार्टिन यांना स्वतःचं लिहिणं हवंच होतं. व्याकरण ही त्याची तयारी होती. क्लासने पहिला अर्धा घेतला, कारण तो तपासायला सोपा. दुसऱ्या अर्ध्यासाठी 'महत्त्वाचे निबंध' पाठ. हा दोष पुस्तकाच्या माथी पूर्ण मारता येत नाही. ते आपण अर्धंच वाचलं.

याची किंमत दहावीत कळत नाही. ती कळते मिहानमधल्या एखाद्या मुलाखतीत, 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' या पहिल्याच प्रश्नाला. तिथे बदलायला वाक्य दिलेलं नसतं. व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवलेली मुलगी गप्प बसते आणि समोरचा लिहून टाकतो: कम्युनिकेशन वीक. सावित्रीबाई फुल्यांनी 'काव्यफुले'त (१८५४) इंग्रजीला माऊली म्हटलं, ते तिच्यामुळे गप्प बसवलेल्यांना बोलता येईल म्हणून. 'डू ॲज डायरेक्टेड' हा त्याच्या नेमका उलटा आदेश आहे: सांगितलं तेवढं कर.

म्हणून पुस्तक फेकायची गरज नाही, सराव बदलायची आहे. पॅसिव्ह शिकवायचा तर पाण्याची नोटीस इंग्रजीत लिहायला द्या, मग नेमकं कोण पाणी बंद करतंय हे सांगणारी तक्रार ॲक्टिव्हमध्ये लिहायला द्या. कंटिन्युअस शिकवायचा तर खिडकीतून जरीपटक्याच्या बाजारात कोण काय करून राहिलं ते लिहायला सांगा. 'की'मध्ये त्याचं उत्तर नसेल. तपासायला वेळ लागेल. पण वहीत पहिल्यांदाच मुलीचं स्वतःचं वाक्य असेल.