शेजाऱ्याचे पुण्य : मॉर्मन बहुसंख्याकांविषयीचे चार ग्रंथ

बहुसंख्य अन्यधर्मीयांमध्ये राहणाऱ्या श्रद्धावंतांपुढे दोन मोह सदैव उभे असतात. शेजाऱ्याचे सारेच खोटे ठरवून स्वतःभोवती कुंपण घालणे, हा पहिला. ‘शेवटी तुमचे-आमचे एकच’ असे म्हणत आपल्या श्रद्धेचा गाभा हळूहळू विसरून जाणे, हा दुसरा. पहिल्या मोहाचे दुष्परिणाम चटकन दिसतात. दुसरा सौजन्याचा वेष घेऊन येतो, म्हणून तो ओळखणे कठीण. साहित्याने या दोन्ही मोहांचे काय केले, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील युटा राज्याविषयी लिहिले गेलेले ग्रंथ फार उपयोगी पडतात, असे आम्हांस वाटते.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यू यॉर्क राज्यात मॉर्मन पंथाची स्थापना केली. १८४४ साली इलिनॉय राज्यातील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांना ठार केले. त्यांच्यामागून ब्रिगहॅम यंग यांनी छळ सोसलेल्या या समाजाला पश्चिमेकडे नेले आणि १८४७ च्या जुलैत हा जथा सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला. त्या प्रदेशात कॅथलिक पावले त्याआधीच उमटली होती. दोमिंगेझ आणि एस्कालांते हे दोन फ्रान्सिस्कन धर्मगुरू १७७६ सालीच तेथून गेले होते. परंतु कॅथलिकांची वस्ती झाली ती पुढे, खाणी आणि रेल्वे आल्यावर. आयरिश व इटालियन मजूर आले, त्यांच्यामागे धर्मगुरू आले. १८९१ साली सॉल्ट लेकचा धर्मप्रांत स्थापन झाला. आज तेथील कॅथलिकांत स्पॅनिशभाषकांचा भरणा मोठा आहे. मॉर्मनांचे प्रमाणही पूर्वीइतके राहिलेले नाही. सॉल्ट लेक परगण्यात २०१८ च्या सुमारास ते निम्म्याखाली आले. तरीही त्या राज्याच्या जीवनावर ठसा आहे तो त्यांचाच.

पहिला ग्रंथ मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ १८८७ साली प्रसिद्ध झाली. तिचा उत्तरार्ध युटात घडतो. वाळवंटात मरणोन्मुख झालेले जॉन फेरियर आणि लहानगी लूसी मॉर्मन तांड्याला सापडतात. त्यांना जीवदान मिळते ते पंथ स्वीकारण्याच्या अटीवर. लूसी उपवर झाल्यावर तिच्यावर लग्नाची सक्ती होते आणि तिचा अंत होतो. कॉनन डॉइल यांनी हे लिहिले तेव्हा युटा पाहिलेही नव्हते. ते तेथे गेले ते १९२३ साली, व्याख्यानासाठी. तेव्हा त्यांचे स्वागतच झाले. बहुपत्नीत्वाची चाल तेथे होती, तिच्यापायी अनेक स्त्रियांच्या वाट्याला दुःख आले, हे खरेच. १८९० साली मॉर्मन नेतृत्वाने ती चाल सोडत असल्याचे जाहीर केले. परंतु डॉइल यांच्या युटात एकही साधा माणूस नाही. पाण्याचे पाट खणणारा शेतकरी नाही, आजाऱ्याच्या उशाशी बसलेली शेजारीण नाही. रहस्यकथेला खलनायक हवा होता, तो एका आख्ख्या समाजातून उचलला गेला. लेखकाचे शिक्षण स्टोनीहर्स्टच्या येशूसंघीय विद्यालयात झाले होते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक मठांविषयीही याच घाटाच्या कथा चवीने वाचल्या जात. ज्या साच्यातून आपली बदनामी झाली, त्याच साच्यातून दुसऱ्याची करावी, यातला विरोधाभास त्यांच्या ध्यानी आलेला दिसत नाही. कथा म्हणून कादंबरी वाचनीय आहे. समाजचित्र म्हणून तिला आम्ही शून्य गुण देऊ.

दुसरा लेखक बर्नार्ड डिव्होटो. यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १८९७ साली युटातील ऑग्डन येथे त्यांचा जन्म झाला. वडील कॅथलिक परंपरेतले, इटालियन वंशाचे. आई मॉर्मन शेतकरी कुटुंबातली. बालपणी ते काही काळ धर्मभगिनींच्या शाळेत शिकले. एका घरात दोन धर्म नांदले म्हणजे काय होते, हे ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना सांगावयास नको. मात्र लक्ष्मीबाई टिळकांकडे विनोदाची शिदोरी होती. तरुण डिव्होटो यांच्याकडे होता तो केवळ उपहास. १९२६ साली त्यांनी एका प्रसिद्ध मासिकात ‘युटा’ हा लेख लिहून आपल्या जन्मभूमीची सालटी काढली. तेथे कला नाही, विचार नाही, संभाषण नाही, असा त्याचा सूर. संपूर्ण राज्य संतापले. पुढे खुद्द लेखकालाही आपले ते तारुण्यातील लेखन उथळ वाटू लागले.

त्यानंतर जे घडले ते आम्हांस महत्त्वाचे वाटते. १९४३ साली आलेल्या त्यांच्या ‘द इयर ऑफ डिसिजन : १८४६’ या इतिहासग्रंथात मॉर्मनांचे स्थलांतर हे एक मोठे प्रकरण आहे. जोसेफ स्मिथ यांच्याविषयी लेखकाचे मत येथेही कठोरच आहे. परंतु ब्रिगहॅम यंग यांची संघटनाशक्ती, थंडीवाऱ्यात माणसे, जनावरे, बियाणे आणि अवजारे पुढे नेण्याची ती शिस्त त्यांनी मोकळ्या मनाने गौरविली आहे. श्रद्धा मान्य नाही, पण श्रद्धेने माणसांकडून करवून घेतलेले काम मान्य आहे, अशी ही भूमिका. उपहासाकडून न्यायबुद्धीकडे झालेला हा प्रवास कोणाही समीक्षकाने अभ्यासावा असाच आहे. उणीव एकच. डिव्होटो श्रद्धेचे फळ मोजतात, मुळाकडे मात्र वैद्याच्या नजरेने पाहतात. प्रार्थना करणारा मॉर्मन त्यांच्या पानांत फारसा भेटत नाही.

तिसरा ग्रंथ वॉलेस स्टेग्नर यांचा ‘मॉर्मन कंट्री’. तो १९४२ चा. या चौघांत आमची पसंती याला. स्टेग्नर मॉर्मन नव्हते. १९२१ साली, बाराव्या वर्षी, ते सॉल्ट लेक शहरात आले आणि भटक्या बापाच्या या मुलाला पहिल्यांदा ‘गाव’ मिळाले ते मॉर्मन शेजाऱ्यांमध्ये. मॉर्मनांचा ‘वॉर्ड’ म्हणजे साधारण आपला धर्मग्राम. त्यांचा ‘बिशप’ हा मात्र दीक्षित धर्मगुरू नसतो. तो बिनपगारी काम करणारा प्रापंचिक असतो, कोठला दुकानदार किंवा शिक्षक. वॉर्डाच्या इमारतीत प्रार्थनेबरोबर खेळ, नाच, नाटक, सारे चालते. परक्या मुलालाही तेथे मज्जाव नव्हता. त्या ऋणाची जाणीव या पुस्तकाच्या पानापानांत आहे, पण ती भाटगिरी होत नाही. मॉर्मन गावांभोवती रांगेने लावलेल्या उंच पॉप्लर वृक्षांवर स्टेग्नर लिहितात, तेव्हा त्या समाजाची शिस्त, काटकसर आणि एकसारखेपणा ही तिन्ही एकाच चित्रात उभी राहतात.

त्यातले ऑर्डरव्हिल गावाचे प्रकरण आमच्या वाचकांनी अवश्य वाचावे. १८७५ साली वसलेल्या या गावाने सर्व मालमत्ता सामाईक ठेवली. जेवणही एका पंगतीत. ‘प्रेषितांची कृत्ये’मधील आद्य ख्रिस्तसभेचेच हे चित्र. प्रयोग सुमारे दहा वर्षे टिकला. जवळच्या खाणवस्तीतील सुबत्ता पाहून तरुणांना घरच्या जाड्याभरड्या कपड्यांची लाज वाटू लागली. त्यात बहुपत्नीत्वाविरुद्धच्या सरकारी कारवाईने गावाचे म्होरके अडचणीत आले. ही कहाणी सांगताना स्टेग्नर हसतात, पण हिणवीत नाहीत. शेजारी म्हणून लिहिणे ते हेच.

तथापि एक प्रश्न स्टेग्नरही बाजूला ठेवतात. शेजाऱ्याचे सद्गुण आपल्या सद्गुणांसारखे दिसतात, पण ते एकाच मुळातून आलेले असतात काय? आणि त्या शेजाऱ्याला आपण कसे दिसतो?

दुसऱ्या प्रश्नाचे एक कठोर उत्तर चौथ्या ग्रंथात मिळते. ब्रूस मॅकॉन्की या मॉर्मन अधिकाऱ्याने १९५८ साली ‘मॉर्मन डॉक्ट्रिन’ हा कोशवजा ग्रंथ काढला. त्यात कॅथलिक ख्रिस्तसभेला सैतानाच्या सभेच्या रांगेत बसविले होते. ज्या गल्लीत कॅथलिक आणि मॉर्मन मुले एकत्र खेळत, तेथील घरांत हे पुस्तक पोहोचले. त्यांच्याच वरिष्ठांना ते रुचले नाही आणि १९६६ च्या आवृत्तीतून तो मजकूर गेला. ग्रंथ म्हणून त्याचे मोल फारसे नाही. पण बहुसंख्यांच्या हाती लेखणी असली म्हणजे एका कलमाने शेजाऱ्याचे काय होऊ शकते, हे तो दाखवितो. शब्द मागे घेतला गेला, याचेही श्रेय त्या समाजाला दिले पाहिजे.

आता पहिला प्रश्न. ‘आपली नीतिमूल्ये समान आहेत’ हे विधान युटातील कॅथलिकांच्या कानांवर सतत पडते आणि ते खोटे नाही. कुटुंबनिष्ठा, वैवाहिक शुचिता, उपवास, दानधर्म ही दोन्हीकडे आहेत. मॉर्मन कुटुंबे महिन्यातून एकदा उपवास करतात आणि वाचलेल्या जेवणाचे मोल गरिबांसाठी देतात. आपल्या उपवासकाळाने लाजावे अशी ही नियमितता आहे. परंतु एकेक शब्द उचलून पाहावा. ‘कुटुंब’ म्हणताना मॉर्मन मनात मंदिरातील विधीने अनंतकाळासाठी जोडलेले पतिपत्नी असतात. विवाहाशिवाय सर्वोच्च स्वर्ग नाही, अशी त्यांची शिकवण. पुनरुत्थानानंतर लग्न करीत नाहीत वा करून देत नाहीत, ही प्रभूची शिकवण आपल्यापुढे असते. म्हणून ब्रह्मचर्य हे त्यांना कोडे वाटते, आपल्याकडे ते दान आहे. १८७५ साली सॉल्ट लेकमध्ये होली क्रॉसच्या धर्मभगिनींनी रुग्णालय उघडले. घरदार दूर असलेल्या खाणमजुरांच्या जखमा धुणाऱ्या त्या अविवाहित स्त्रिया ‘कुटुंब’ या शब्दाची दुसरी व्याख्याच सांगत होत्या.

मद्याचेही तसेच. मॉर्मनांना दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य. त्यांच्या प्रभुभोजनात भाकर आणि पाणी असते. आपल्या वेदीवर द्राक्षारस असतो आणि तो प्रभूचे रक्त होतो. मॉर्मन शेजाऱ्याला कॅथलिक माणूस सैल वाटतो, त्याचे हे एक कारण. सिद्धांत म्हणून उत्तर सोपे आहे. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. पण आपल्याकडील लग्नघरांतून बाटल्यांची जी चढाओढ चालते, ती पाहता शेजाऱ्याच्या संशयाला उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो, याचा विचार करावा.

मुळातील फरक ख्रिस्तसभेने लपविलेला नाही. पवित्र त्रैक्याविषयीची मॉर्मन समजूत मूलतः वेगळी असल्यामुळे त्यांचा बाप्तिस्मा वैध मानता येत नाही, असा निर्णय रोमने २००१ साली दिला. मृतांच्या वतीने बाप्तिस्मा देण्याच्या त्यांच्या प्रथेसाठी धर्मग्रामांच्या नोंदवह्या वापरल्या जाऊ नयेत, म्हणून त्या त्यांच्या वंशावळी संस्थेला देऊ नयेत, असे २००८ साली कळविण्यात आले. बाप्तिस्म्याची वही ज्याच्या कपाटात असते, त्या धर्मगुरूला या आदेशाचे गांभीर्य चटकन कळते. त्याच २००८ साली कॅलिफोर्नियातील विवाहविषयक सार्वमताच्या वेळी दोन्ही समाज खांद्याला खांदा लावून उभे होते. सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप नीडरावर पूर्वी सॉल्ट लेकचे बिशप होते. त्यांनीच मॉर्मनांना हाक दिली होती. दोन वर्षांनी युटात स्थलांतरितांना माणुसकीने वागवावे, या जाहीरनाम्यावर कॅथलिक धर्मप्रांताने सही केली आणि मॉर्मन नेतृत्वाने त्याला पाठिंबा दिला. २०१९ च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस आणि मॉर्मन अध्यक्ष नेल्सन यांची व्हॅटिकनमध्ये भेट झाली. अशी भेट ही पहिलीच. एकत्र काम करता येते आणि फरकही सांगता येतो, असा याचा अर्थ.

याचा सर्वांत सुंदर दाखला या चारही ग्रंथांहून जुना आहे. १८७९ च्या मे महिन्यात, सिल्व्हर रीफच्या खाणवस्तीत सेवा करणारे फादर लॉरेन्स स्कॅनलन यांना सेंट जॉर्ज गावच्या मॉर्मनांनी आपले प्रार्थनागृह मिस्सासाठी देऊ केले. गायकवृंद नव्हता. तेव्हा जॉन मॅकफार्लेन यांच्या मॉर्मन गायकांनी थोड्या दिवसांत लॅटिन मिस्सागायन शिकून घेतले आणि गायिले. त्या दिवशी कोणी कोणाचा धर्म बदलला नाही, कोणी ‘आपले एकच’ असेही म्हटले नाही. ज्या शब्दांवर त्या गायकांची श्रद्धा नव्हती, ते शब्द पाहुण्यासाठी त्यांनी चुका न करता म्हटले. शेजारधर्माची याहून नेमकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. एवढा प्रसंग एखाद्या थोर कादंबरीकाराच्या हाती पडायला हवा होता.

वाचकहो, आपण महाराष्ट्रात अल्पसंख्य आहोत, हे आपण वारंवार बोलतो. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या गावांत, आळ्यांत आपणच बहुसंख्य आहोत. तेथे एखादे अन्यधर्मीय कुटुंब भाड्याने येऊन राहते, त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेत जातात, आपल्या सणाच्या गर्दीत कडेला उभी राहतात. त्यांतले एखादे मूल उद्या लेखक झाले, तर ते आपल्याविषयी डॉइलसारखे लिहील, तरुण डिव्होटोसारखे लिहील, की स्टेग्नरसारखे? हे त्याच्या प्रतिभेवर अवलंबून आहे, तसेच आपल्या अंगणाचे दार त्याला उघडे होते की नाही, यावरही.

हे ग्रंथ वाचायचे झाल्यास आधी ‘मॉर्मन कंट्री’ घ्यावा, मग डिव्होटो यांचा इतिहास. होम्सची कादंबरी शेवटी वाचावी, म्हणजे तिच्यात कोणती माणसे गाळली गेली आहेत ते आपोआप ध्यानी येईल.