उंची की सूत्रधारत्व? : ड्राफ्टविषयक एका मताची छाननी

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये नवोदित खेळाडूंची संघासंघांत वाटणी ज्या पद्धतीने होते तिला ड्राफ्ट म्हणतात. १९४७ पासून ती रूढ आहे. मागील हंगामात जो संघ दुबळा ठरला असेल त्याला निवडीचा अधिकार आधी, हे तिचे मूलतत्त्व होय; पहिल्या क्रमांकासाठी पूर्वी नाणेफेक होत असे, १९८५ पासून तिची जागा सोडतीने घेतली. तत्त्व न्याय्य आहे, पण त्यात थोडे क्रौर्यही आहे. ज्याची पारख आधीच संशयास्पद ठरलेली असते अशाच संघावर पारखण्याचे सर्वांत अवघड काम येऊन पडते, आणि चुकीच्या निवडीची किंमत त्याला कित्येक हंगाम मोजावी लागते. या निवडीसंबंधीचे सर्वांत जुने आणि अद्याप न मिटलेले वादस्थान म्हणजे, गुण जवळपास सारखे दिसत असता पॉइंट गार्ड घ्यावा की उंच सेंटर घ्यावा, हे होय.

पॉइंट गार्ड हा बहुधा संघातील सर्वांत ठेंगणा खेळाडू. चेंडू पुढे आणणे, कोणी कोठे धावावे हे ठरविणे, योग्य क्षणी योग्य हाती चेंडू देणे ही त्याची कामे. नाट्यपरिभाषेतील ‘सूत्रधार’ हा शब्द त्याला बरोबर लागू पडतो. सेंटर हा बास्केटखालच्या प्रदेशाचा धनी : सुमारे सात फूट उंचीचा, जवळून गुण करणारा, हुकलेला चेंडू पकडणारा आणि प्रतिपक्षाला कडीजवळ फिरकू न देणारा. या दोघांत निवड करावयाची झाल्यास उंच खेळाडू घ्यावा, असे जुन्या प्रशिक्षकांचे मत आहे. त्याचे समर्थन एका वाक्यात केले जाते : उंची शिकवता येत नाही. हे वाक्य खरे आहे, आणि घोटाळा येथेच होतो. कारण वाक्याच्या खरेपणामुळे त्यावरून काढलेले अनुमानही खरे मानले जाते.

या पूर्वपक्षाला इतिहासाचा आधार नाही असे मात्र नाही. बॉस्टन संघाने १९५० मध्ये पहिल्या क्रमांकावर चक शेअर हा सहा फूट अकरा इंचांचा सेंटर निवडला. त्याच प्रदेशातील होली क्रॉस महाविद्यालयाचा बॉब कूझी हा विलक्षण पॉइंट गार्ड तेव्हा उपलब्ध होता; त्याला दुसऱ्या संघाने घेतले. पुढे शिकागोचा एक संघ बुडाला, त्याच्या खेळाडूंची नावे टोपीतून काढण्यात आली आणि कूझी बॉस्टनच्या वाट्याला चिठ्ठीने आला. शेअर बॉस्टनसाठी एकही सामना खेळला नाही. कूझी १९५३ पासून १९६० पर्यंत सलग आठ हंगाम सर्वाधिक असिस्ट देणारा ठरला. येथवरची हकिगत सूत्रधाराच्या बाजूची आहे, आणि ती सांगणारे बहुधा येथेच थांबतात. परंतु कूझीच्या पहिल्या सहा हंगामांत बॉस्टनला एकही विजेतेपद मिळाले नाही. १९५६ मध्ये रॉचेस्टरने पहिल्या क्रमांकावर साय ग्रीन हा गार्ड निवडला, आणि बिल रसेल हा सेंटर सेंट लुईसमार्फत बॉस्टनकडे आला. रसेलच्या तेरा हंगामांत बॉस्टनने अकरा विजेतेपदे मिळविली. त्यांपैकी सहांत कूझी होता. १९६३ मध्ये तो निवृत्त झाला, त्यानंतरही पाच मिळाली. सूत्रधारावाचून सेंटर जिंकला, सेंटरवाचून सूत्रधार जिंकला नाही, असा अर्थ यातून कोणी काढला तर तो अगदीच ओढूनताणून काढलेला म्हणता येणार नाही. शिवाय १९६० ते १९८० या एकवीस वर्षांत हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान १९६४ चा ऑस्कर रॉबर्टसन वगळता दरवर्षी सेंटरलाच मिळाला. जुने मत ज्यांनी बनविले त्यांनी डोळे मिटून बनविले नव्हते.

त्याच्या विरोधात नेहमी १९८४ चा ड्राफ्ट पुढे केला जातो. पोर्टलँडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोई हा सात फूट एक इंचाचा सेंटर घेतला आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मायकेल जॉर्डन मिळाला. दृष्टांत म्हणून ही गोष्ट प्रभावी आहे, पुरावा म्हणून ती लंगडी आहे. पहिली गोष्ट, जॉर्डन हा पॉइंट गार्ड नव्हताच. दुसरी, त्याच वर्षी ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर हकीम ओलाजुवान हा सेंटर घेतला आणि १९९४ व १९९५ या दोन्ही वर्षी विजेतेपद मिळविले. म्हणजे एकाच ड्राफ्टमध्ये एकाच तत्त्वाने एक संघ तरला आणि एक बुडाला. पोर्टलँडची चूक उंची पाहण्याची नव्हती. बोई पायाच्या दुखापतीमुळे महाविद्यालयात दोन हंगाम खेळू शकला नव्हता हे ठाऊक असूनही ते गौण मानले गेले, आणि जॉर्डनच्या जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर संघात आहे, उणीव सेंटरची आहे, असा हिशेब झाला. घरात जे नाही ते बाजारातून आणावे ही गृहिणीची बुद्धी वाणसामानाच्या बाबतीत उत्तम. परंतु दुर्मीळ गुणवत्तेच्या बाबतीत ती फसवी ठरते. चौतीस वर्षांनी, २०१८ मध्ये, सॅक्रमेंटोने हाच हिशेब केला असावा असे दिसते. त्यांच्याकडे डीॲरन फॉक्स हा तरुण पॉइंट गार्ड होता. त्यांनी मार्विन बॅगली हा उंच खेळाडू घेतला आणि लुका डॉन्चिचला पुढे जाऊ दिले. गंमत अशी की १९८४ च्या यादीत खरोखरीचा पॉइंट गार्ड सोळाव्या क्रमांकावर होता. जॉन स्टॉक्टन हे त्याचे नाव. त्याच्या १५,८०६ असिस्टचा विक्रम आजही अबाधित आहे. पूर्वपक्षाचे खंडन करणाऱ्यांना त्याची आठवण क्वचितच होते.

उंचीच्या मताचे खरे परीक्षण दृष्टांतांनी होणार नाही. त्यातील तर्क तपासला पाहिजे. सात फुटांचा माणूस दुर्मीळ, सहा फुटांचा सुलभ. म्हणून दुर्मीळ ते आधी घ्यावे, असा हा तर्क आहे. त्यात दुर्मिळतेचा अर्थ अर्धाच लक्षात घेतलेला आहे. सहा फूट उंचीची तरुण माणसे लक्षावधी आहेत. त्यांतून जो वरपर्यंत येतो तो कौशल्याच्या अत्यंत बारीक चाळणीतून गाळून आलेला असतो. सात फुटांच्या तरुणांचा समुदायच मुळात लहान; तेथे चाळणीची छिद्रे मोठी ठेवावी लागतात, आणि केवळ देहाच्या बळावर कित्येक जण त्यांतून खाली उतरतात. म्हणजे दुर्मिळतेमुळे उंच खेळाडूचे मोल वाढते हे खरे, पण तो उत्तम निघेल ही शक्यता त्याच कारणाने घटते. २००९ मध्ये मेम्फिसने दुसऱ्या क्रमांकावर हशीम थाबीट हा सात फूट तीन इंचांचा खेळाडू घेतला. तिसऱ्या क्रमांकावर जेम्स हार्डन आणि सातव्या क्रमांकावर स्टीफन करी गेले. पंजाबातील सतनामसिंग या सात फूट दोन इंचांच्या तरुणाला डॅलसने २०१५ मध्ये बावन्नाव्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. त्याच्या निवडीचा आनंद रास्त होता, परंतु मुख्य हंगामातील एकही सामना त्याला लाभला नाही.

देहाची आणखी एक बाजू आहे. सात फुटांचे शरीर पाय आणि घोटे यांवर जो भार टाकते तो सहा फुटांचे टाकीत नाही. २००७ मध्ये पोर्टलँडने केव्हिन ड्युरंटला सोडून ग्रेग ओडन हा सेंटर पहिल्या क्रमांकावर घेतला. दुखापतींमुळे तो सगळ्या कारकिर्दीत १०५ सामने खेळला. स्टॉक्टन एकोणीस हंगामांत फक्त २२ सामन्यांना मुकला. अर्थात दुखापत उंची पाहून येते असा नियम मात्र कोणी करू नये.

तर्कातील मोठा दोष याहून वेगळा आहे. उंचीचे मूल्य उंचीत नसून खेळाच्या नियमांत असते, हे या मताने कधी ध्यानातच घेतले नाही. बास्केटसमोरचा निर्बंधित पट्टा १९५१ मध्ये सहा फुटांवरून बारा फूट आणि १९६४ मध्ये सोळा फूट रुंद करण्यात आला. तो उंच खेळाडूंना आवरण्यासाठीच. १९७९-८० च्या हंगामापासून तीन गुणांची रेषा आली. आरंभी तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. संघ सामन्यागणिक तीनही प्रयत्न करीत नसत. २०२३-२४ मध्ये ही संख्या सुमारे ३५ झाली. २००१ मध्ये क्षेत्रबचावावरील बंदी उठली, २००४ मध्ये चेंडू खेळविणाऱ्याला हाताने अडविण्यावर कडक नियंत्रण आले. पाठ बास्केटकडे करून उभ्या राहणाऱ्या सेंटरचा प्रदेश असा दोन्ही बाजूंनी आक्रसला, आणि सूत्रधाराला मोकळे मैदान मिळाले. २००५ आणि २००६ मध्ये स्टीव्ह नॅश हा पॉइंट गार्ड सर्वोत्कृष्ट ठरला. २००० मधील शकील ओनीलनंतर तो मान सेंटरला पुन्हा मिळाला तो थेट २०२१ मध्ये.

यावरून उलट सिद्धांत मांडण्याची घाई झाली : आता उंच खेळाडूचे दिवस संपले, पॉइंट गार्डच घ्यावा. हे नवे मत जुन्याइतकेच उथळ आहे. २००९ मध्ये मिनेसोटाने पाचव्या व सहाव्या क्रमांकांवर रिकी रुबियो व जॉनी फ्लिन असे लागोपाठ दोन पॉइंट गार्ड घेतले आणि करीला सोडले. नाममुद्रा योग्य होती, नाणे खोटे निघाले. आणि २०२१ मध्ये ज्या सेंटरने तो मान परत आणला त्या निकोला योकिचला २०१४ मध्ये डेन्व्हरने एकेचाळिसाव्या क्रमांकावर घेतले होते. तो फारसा उडी मारीत नाही, वेगाने धावत नाही. २०२४-२५ च्या हंगामात त्याने दर सामन्यास सरासरी १०.२ असिस्ट दिले. सूत्रधारत्व येथे सेंटरच्या देहात वसते आहे. याचे पूर्वरूप १९८० मध्येच दिसले होते. अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात करीम अब्दुल-जब्बार जायबंदी असता मॅजिक जॉन्सन हा सहा फूट नऊ इंचांचा पॉइंट गार्ड सेंटरच्या जागी उभा राहिला आणि त्याने ४२ गुण, १५ रिबाउंड व ७ असिस्ट मिळविले. जागेचे नाव आणि खेळाडूचे कार्य या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे त्या रात्री सर्वांनी पाहिले. पण पाहिलेले सारेच उमगते असे नाही.

जुन्या मताला अनुकूल असा सर्वांत बळकट पुरावा जुन्या मतवाद्यांच्या नजरेतून निसटला आहे. ब्रुक लोपेझ या सात फुटांच्या सेंटरने पहिल्या आठ हंगामांत मिळून तीन गुणांच्या फक्त ३ फेकी यशस्वी केल्या. २०१६-१७ या एकाच हंगामात त्याने १३४ केल्या. उंची शिकवता येत नाही. परंतु उंच माणसाला लांबून नेम धरणे अठ्ठाविसाव्या वर्षीही शिकवता येते. पारख करावयाची ती या शिकण्याच्या शक्तीची. मोजपट्टीने ती कळत नाही, आणि खेळाडूच्या नावापुढे ‘गार्ड’ लिहिले आहे की ‘सेंटर’ यावरूनही कळत नाही.

२०१५ च्या ड्राफ्टमध्ये हा वाद जवळजवळ शुद्ध स्वरूपात उपस्थित झाला होता. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघापुढे दुसऱ्या क्रमांकावर दोन पर्याय होते : जलील ओकाफोर, बास्केटखाली जुन्या शैलीने खेळणारा सेंटर, आणि डिअँजेलो रसेल, डोळस पास देणारा गार्ड. त्यांनी रसेल घेतला. ओकाफोर फिलाडेल्फियाकडे गेला. दोन्ही पक्षांचे समर्थक वर्षभर भांडले. चौथ्या क्रमांकावर गेलेला क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस सात फूट तीन इंचांचा असून तीन गुणांच्या रेषेबाहेरून सहज फेकीत होता, म्हणजे वादाच्या दोन्ही चौकटींत बसत नव्हता. तेराव्या क्रमांकावरील डेव्हिन बुकरचा तर या वादात उल्लेखही नव्हता. २०१७-१८ च्या हंगामात रसेल आणि ओकाफोर हे दोघेही आपापल्या पहिल्या संघांनी सोडून दिलेले, ब्रुकलिनच्या एका पराभूत संघात एकत्र खेळत होते. लेकर्सनी जून २०१७ मध्ये रसेलच्या मोबदल्यात जो प्रमुख खेळाडू घेतला तो सेंटर होता, वर उल्लेखिलेला लोपेझच. आणि त्याच आठवड्यात ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी पुन्हा एक पॉइंट गार्ड निवडला.