हक्कसोडावरची सही

मराठी मालिकेत श्रीमंत घर फुटतं ते बहुधा मृत्युपत्रामुळे. वकील कागद वाचतो, सगळी इस्टेट अनपेक्षित माणसाच्या नावावर निघते आणि पुढचे कित्येक महिने कुणीतरी कुणाच्या तरी दुधात काही मिसळत राहतं. वास्तविक वडिलोपार्जित जमिनीत स्वतःच्या हिश्शापलीकडचं काही मृत्युपत्रानं देताच येत नाही. आपल्याकडची घरं फुटतात ती फेरफाराच्या नोंदीवर, वारस दाखल्यावर आणि मुख्य म्हणजे बहिणीच्या हक्कसोडपत्रावर. हे नाट्य मालिकेला अजून सापडलेलं नाही, आणि माझ्या मते या कलाप्रकाराचं ते सर्वात मोठं नुकसान आहे.

पनवेल-उरण पट्टाच पाहा. 1970 साली सिडको आली आणि भातशेती, मिठागरं नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासईच्या परिसरात पाच शेतकरी गोळीबारात गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पण भूखंड मिळतो तो मूळ खातेदाराला, आणि खातेदार आजोबा तर केव्हाच गेलेले. मग वारस दाखला आला, पेण-उरणला दिलेल्या आत्यांच्या सह्या आल्या. ज्या खाचराला कुणी विचारत नव्हतं, त्याच्या बदल्यातल्या भूखंडाला बिल्डर दारात उभा. महाराष्ट्रानं 1994 मध्येच अविवाहित मुलींना समान वाटा दिला, 2005 मध्ये केंद्राच्या दुरुस्तीनं तो विवाहितांनाही दिला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उरलीसुरली शंका मिटवली. तरी आत्यापुढचा प्रश्न तोच राहतो: वाटा मागितला तर माहेर राहील का? इथे खलनायिका लागत नाही. भाऊ प्रेमळ असला तरी, किंबहुना प्रेमळ असला म्हणूनच, सही मागणं क्रूर होतं.

यावर म्हटलं जाईल की रोजच्या मालिकेला खलप्रवृत्ती हवीच, कागदपत्रांवर प्रेक्षक थांबत नाही. पण महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त 1985 सालीच वडिलांच्या मृत्यूनंतरची वाटणी खलपात्राशिवाय उभी राहिली. नाटक दोन-अडीच तासांचं असतं, हा आक्षेप मला उलटा वाटतो. वाटणीचा दावा वर्षानुवर्षं चालतो. त्यात मुलं मोठी होतात, वादी मरतो, त्याचे वारस दाखल होतात. हा काळ दाखवण्याची ताकद मालिकेत जितकी आहे तितकी ना नाटकात, ना सिनेमात. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या अवधीत एक अख्खा दिवाणी दावा मावला असता.

प्रयत्न झालाच नाही असं नाही. 2016 मधली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली ती अण्णा नाईकांच्या मृत्यूनं आणि जमलेल्या भावंडांच्या जमिनीवरच्या नजरेनं. मालवणी बोलीमुळे आणि आकेरीच्या त्या घरामुळे सुरुवातीचे भाग अस्सल वाटले. पुढे मात्र भुताखेतांच्या संशयानं सगळी जागा व्यापली आणि वाटणी मागे पडली. मला त्यातली भीती खोटी वाटत नाही. पण जमिनीची भीती त्याहून खरी होती, आणि तिला लेखकांनी हातातून सुटू दिलं. ती पुन्हा धरायची तर दुय्यम निबंधक कार्यालयातल्या बाकावर बसलेल्या आत्यापासून सुरुवात करता येईल: एका बाजूला धाकटा भाऊ, समोर टाइप केलेला कागद, अंगठा घ्यायचं यंत्र, आणि नंबर पुकारला जाईपर्यंतचा वेळ.