रिद्धपूरचा अभिमान

पुण्याची मराठी शुद्ध, आपली वऱ्हाडी गावंढळ, हे आपण पुष्कळ ऐकलं. आता उत्तर तयार आहे: ‘लीळाचरित्र’ रिद्धपूरचं, म्हणून अस्सल मराठी आमचीच! मराठी विद्यापीठही तिथंच झालं ना. पण हा युक्तिवाद पुण्याचाच, फक्त गाव बदललं.

हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांचे क्षुल्लक कारणावरून गट पाडले. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्याच गटाला झुकतं माप दिलं. गटामुळं मोठेपण फुकट मिळतं, स्वतः काही करावं लागत नाही. म्हाइंभटांनी मात्र हिंडून, विचारून एकेक आठवण जमवली. आणि ज्यांच्या लीळा त्यात आहेत, ते चक्रधर परंपरेनुसार मूळचे गुजरातचे, भडोचचे! मराठी त्यांनी आपलीशी केली. आपल्यापैकी किती जणांनी तो ग्रंथ उघडलाय?