बडबड की नामस्मरण?

वाचक माऊली, ‘तेच तेच नाम घेऊ नका, असे येशूच सांगून गेला,’ असे कुणी ऐकवले तर गडबडू नका. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले ‘बत्तलोगेओ’ हे ग्रीक क्रियापद नव्या करारात एकदाच येते. टिंडेलने १५२६ मध्ये त्याचा अर्थ बडबड असाच घेतला. १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘व्यर्थ पुनरुक्ती’ आहे; लोक त्यातले ‘व्यर्थ’ गाळतात आणि पुनरुक्तीलाच धरून बसतात. पुष्कळ बोलले की देव ऐकतो, ही समजूत त्याच वचनात दोषी ठरवली आहे. हाती टाळ, चित्त बाजारात, अशा आपल्या जपाला ते क्रियापद लागू पडेल, हे मात्र मान्य केले पाहिजे. पण गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदा तेच शब्द म्हणून प्रार्थना केली, हे मत्तयच लिहितो ना?